सेवकाच्या नावाची राखण कुणी करायची?

सांगलीजवळच्या एका ख्रिस्ती मंडळीत पाहुणा म्हणून गेलो होतो. दाराशी, चपला काढून ठेवतात त्या कोपऱ्याच्या वर, भिंतीला क्यूआर कोड चिकटवलेला. खाली ‘प्रभूच्या कार्यासाठी’ एवढंच लिहिलेलं. दानाची थैली फिरली तेव्हा खिशात सुट्टे नव्हते, म्हणून उपासना सुटल्यावर फोन काढून कोड स्कॅन केला. पडद्यावर नाव उमटलं ते मंडळीचं नव्हतं, ट्रस्टचंही नव्हतं. पाळकसाहेबांचं स्वतःचं होतं.

मी शंभर रुपये पाठवले. पाळकसाहेब मला माहीत आहेत. दोन खोल्यांत राहतात, जुन्या मोटरसायकलवर तीन गावं सांभाळतात, त्यांच्याबद्दल माझ्या मनात तसूभर शंका नाही. पण माझ्या मागे एक कॉलेजातला मुलगा उभा होता. त्यानेही स्कॅन केलं, नाव बघितलं, जरा थांबला आणि फोन खिशात टाकून खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. तो कुणाला काही बोलला नाही. बोलणारही नाही. पुढच्या रविवारी कदाचित येईल, कदाचित नाही.

त्या पाळकांनी पाप केलं असं मी म्हणत नाही. ट्रस्टच्या खात्याचा कोड काढायचा तर ठराव लागतो, विश्वस्तांच्या सह्या लागतात आणि एक विश्वस्त पुण्याला मुलाकडे राहतो. तोवर काम अडू नये म्हणून त्यांनी स्वतःचा नंबर दिला. लोभापायी ज्यांचं नाव गेलं त्यांच्या बातम्या होतात. सोयीपायी ज्यांचं जातं त्यांची कुठे नोंदही होत नाही, आणि माझ्या पाहण्यात असे जास्त आहेत.

आपल्या मंडळ्यांत लौकिकाला खास शब्द आहे, साक्ष. ‘त्यांची साक्ष चांगली आहे’ म्हटलं की समोरच्याला सगळं कळतं. शब्द कोर्टातला आहे. तिथे साक्ष दुसऱ्याने द्यायची असते. माणूस स्वतःच्या चांगुलपणाबद्दल बोलायला लागला तर न्यायाधीश ऐकून घेतो, फार मनावर घेत नाही. आपण मात्र साक्षीला व्यासपीठावर नेऊन माईक दिला. आता सेवक स्वतःच सांगतो, मी कसा होतो, प्रभूने मला कसं उचललं, आज मी कसा चालतो. आणि आपण ‘आमेन’ म्हणतो. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात मंडळीचा अध्यक्ष कसा असावा त्याची यादी आहे. नेमस्त असावा, द्रव्यलोभी नसावा वगैरे. ती आपल्याला तोंडपाठ असते. त्या यादीचा शेवट मात्र सहसा कुणी वाचून दाखवत नाही. बाहेरच्या लोकांनीही त्याच्याविषयी चांगली साक्ष दिलेली असली पाहिजे, असा तो आहे. बाहेरच्यांनी, म्हणजे बोळातल्या वाण्याने, घरमालकाने, शेजारच्या गणपती मंडळाच्या पोरांनी.

आत्मसंयमाबद्दल आपल्याकडे खूप बोललं जातं. मराठी बायबलात त्याला ‘इंद्रियदमन’ असा दणकट शब्द आहे. उपास कर, पहाटे प्रार्थना कर, नजर खाली ठेव, असं सेवकाला सांगितलं जातं आणि तो बिचारा प्रयत्नही करतो. माझं म्हणणं असं की हे इंद्रियदमन आपण त्याच्या एकट्याच्या गळ्यात बांधून मोकळे झालो आहोत. सेवकाचं नाव राखण्याची व्यवस्था मंडळीने करायची असते. आणि ज्याला खरोखर स्वतःवर ताबा हवा असतो तो ती व्यवस्था स्वतःहून मागतो.

पौलाचंच बघा. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात तो शर्यतीतल्या पैलवानाची भाषा बोलतो. शरीराला दास करून ठेवतो म्हणतो, नाहीतर दुसऱ्यांना घोषणा करून मीच नापसंत ठरेन. हे वचन प्रत्येक पाळक-शिबिरात येतं. दुसऱ्या पत्राचा आठवा अध्याय तितकासा येत नाही. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा होते आहे, रक्कम मोठी आहे, आणि हाच पौल ती एकट्याने न्यायला तयार नाही. आपल्या सोबत्याला, तीताला, पाठवतो, बरोबर मंडळ्यांनी निवडून दिलेला माणूस देतो, आणि कारणही लिहून ठेवतो: या मोठ्या रकमेवरून कुणी आम्हाला दोष लावू नये. प्रभूच्या दृष्टीने जे चांगलं तेच नव्हे, तर माणसांच्याही दृष्टीने जे चांगलं ते करायची आम्ही खबरदारी घेतो, म्हणतो. फटके खाल्लेला, तुरुंग भोगलेला माणूस. ‘देवाला माझं अंतःकरण ठाऊक आहे’ एवढं म्हणून त्याचं भागलं असतं. आपल्याकडे भागतंच.

ही समज काही एकट्या पौलाची नाही, एकट्या ख्रिस्ती लोकांचीही नाही. प्रारंभीच्या मंडळीचं ‘दीदाखे’ नावाचं एक जुनं शिक्षण-पुस्तक आहे. त्याची हस्तलिखित प्रत १८७३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये सापडली आणि दहा वर्षांनी ती छापली गेली. फिरत्या प्रचारकाबद्दल त्यात सरळ लिहिलंय की तो एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर तो खोटा. आता तुकोबांचा अभंग आठवा: ‘जेथे कीर्तन करावे । तेथे अन्न न सेवावे.’ पुढे गळ्यात माळ घालून घेऊ नये, तट्टाला-बैलाला दाणावैरणही मागू नये, असं म्हणत म्हणत शेवटी, ‘तुका म्हणे द्रव्य घेती । देती तेही नरका जाती.’ दोघांनाही. घेणाऱ्याबरोबर देणाऱ्यालाही ओढलंय. पाकिटं देऊन देऊन आपणच कीर्तनकार आणि प्रचारक बिघडवतो, हे तुकोबांना बरोबर ठाऊक होतं.

इथे कुणी पाळक मला अडवेल, आणि त्याने अडवावंच. पौल म्हणतो, मळणी करणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसकं बांधू नका. तुकोबांचा बैल वैरण मागत नाही, पण पौलाच्या बैलाला खळ्यावर खायचा हक्क आहे. आमच्या कितीतरी मंडळ्यांत बैलाला मुसकंही असतं आणि वैरणही नसते. पाळकाचा पगार तीन-तीन महिने थकतो. पंचमंडळाच्या बैठकीत ‘बघू, उपकारस्तुतीला काढू’ असं ठरतं. मग मुलीची फी भरायची असते, बायकोचं ऑपरेशन असतं, आणि कुणी भला माणूस खासगीत पाकीट देतो. ते पाकीट घेतलं त्या दिवसापासून पाळक त्या माणसाच्या मुलाला चुकीच्या गोष्टीबद्दल बोलू शकत नाही. ज्या मंडळीने पगार थकवला तिला पाळकाच्या संयमावर प्रवचन करायचा अधिकार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी पगार वेळेवर द्या, तोही बँकेत, म्हणजे पाकिटांची गरज पडणार नाही आणि पडली तर ती दिसेल.

पाकिटांवरून अमेरिकेतली एक गोष्ट. पुढे जगभर गाजलेले प्रचारक बिली ग्रॅहम तरुण असताना, १९४८ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मोडेस्टो गावी त्यांच्या सभा चालल्या होत्या. तेव्हाही फिरत्या प्रचारकांची अब्रू फारशी बरी नव्हती. त्यांनी सोबत्यांना सांगितलं की खोलीत जा, तासभर बसा आणि प्रचारक कशात अडकतात ते लिहून आणा. सगळ्यांच्या कागदांवर जवळजवळ तेच निघालं: पैसा, बायका, स्थानिक मंडळ्यांना तोडून बोलणं, आणि गर्दीचे आकडे फुगवणं. त्यावर त्यांनी आपापसांत काही नेम ठरवले. म्हणजे प्रश्न सुटला का? नाही. दोनच वर्षांनी, १९५० च्या अखेरीला, अटलांटामधल्या सभा संपल्यावर तिथल्या वर्तमानपत्राने दोन फोटो शेजारी-शेजारी छापले. एकात ग्रॅहम हसत निरोप घेताहेत, दुसऱ्यात स्वयंसेवक दानाच्या नोटांनी भरलेल्या थैल्या घेऊन उभे. चोरी नव्हती; शेवटच्या दिवशीचं खास दान प्रचारकाला देण्याची तिथली रीतच होती. पण फोटोपुढे रीत काय सांगणार. त्यानंतर ग्रॅहम यांनी ते खास दान बंद करून आपल्या संस्थेकडून ठरावीक पगार घ्यायला सुरुवात केली. मला या गोष्टीत मोडेस्टोपेक्षा अटलांटा जास्त शिकवतं. चांगल्या माणसांनी मनापासून नेम केले, पण पैशाची वाट बदलली नव्हती तोवर नेम कागदावर होता.

गर्दीच्या आकड्यांचं मात्र हसूच येतं. तासगाव-विट्याकडच्या रस्त्यांवर ‘हजारोंच्या उपस्थितीत’ असे फलक पाहिलेत, आणि मांडवात खुर्च्या मोजल्या तर तीनशेही नव्हत्या. पण खुर्च्या मोजणाऱ्यालाच अविश्वासू ठरवतात.

मी सहा वर्षं एका मंडळीचा खजिनदार होतो, म्हणून माझीच एक गोष्ट सांगतो. थैली उपासनेनंतर दोघांनी मोजायची, वहीत दोघांनी सही करायची, असा आमच्याकडे नेम होता. एका रविवारी पाऊस कोसळत होता, मोजणीला कुणी थांबलं नाही. मी थैली घरी नेली, रात्री जेवणाच्या टेबलावर एकट्याने मोजली आणि सोमवारी बँकेत भरली. रक्कम पैशापैशाची बरोबर. पुढच्या बैठकीत महिला मंडळाच्या एका आजींनी वही उलटवत विचारलं, ‘भाऊ, त्या दिशी कुणासंगं मोजलंस रं?’ मी भडकलो. ‘आजी, माझ्यावर संशय?’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘तुझ्यावर न्हाई. वहीत एकच सही हाय, म्हणून इचारलं.’ आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. त्या वारल्या तेव्हा मला कळलं की त्या सहा वर्षांत माझं नाव जपण्याचं काम खरं तर त्या एकट्याच करत होत्या.

हिशेबाचा कायदा आपल्याकडे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० चा आहे. नोंदणी झालेल्या ट्रस्टने दरवर्षी हिशेब तपासून घेऊन लेखापरीक्षण अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यायचा असतो. जुन्या मंडळ्यांत तो जातो, कधी उशिराने का होईना. अडचण नव्या स्वतंत्र सेवाकार्यांची आहे. तिथे पती अध्यक्ष, पत्नी खजिनदार, मुलगा सचिव. कायद्याच्या कागदावर सगळं शुद्ध असू शकतं. पण जेवायच्या टेबलावर पंचमंडळाची बैठक होत असेल तर ‘कुणासंगं मोजलंस’ हे विचारणारी आजी आणायची कुठून? २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाशी ५७ फुटांवर गेलं तेव्हा लोकांनी आपापल्या ओळखीच्या सेवकांकडे डोळे मिटून पैसे पाठवले. बहुतेकांनी ते पूरग्रस्तांपर्यंत पोचवलेही असतील. यादी लावली असती तर ‘असतील’ हा शब्द मला वापरावा लागला नसता.

स्त्रियांच्या बाबतीतला नेम आपल्याकडे परदेशातून आयता आला: परक्या स्त्रीबरोबर एकट्याने बसायचं नाही. हेतू चांगला आहे. पण आमच्या उपासनेला निम्म्याहून जास्त बायकाच दिसतात. नवऱ्याचा मार खाणारी, कर्जवाल्यांनी हैराण केलेली बाई पाळकाशी बोलायला आली आणि तो ‘नवऱ्याला घेऊन या’ म्हणाला, तर त्याचं नाव राखलं गेलं, तिचं काय राखलं? योहानाच्या चौथ्या अध्यायात येशू शोमरोनी बाईशी बोलत बसलेला असतो आणि शिष्यांना त्याचं नवल वाटतं. तो तिला टाळत नाही. पण जागा बघा. गावाची विहीर, भरदुपार, कुणीही येईल-जाईल अशी. पाळकाच्या खोलीच्या दाराला काच बसवायला किती खर्च येतो? एखाद्या वडील बाईंना बाहेरच्या बाकावर बसवायला तर काहीच येत नाही. बाईला तोडून टाकणं सोपं आहे, म्हणून आपण तेच करतो. ज्याला चोरून भेटायचं आहे त्याला तो नेम अडवत नाहीच.

चेन्नईत जन्मलेले आणि पुढे जगभर गाजलेले ख्रिस्ती वक्ते रवी जखरायस हे याचं फार कडू उदाहरण. त्यांची भाषणं आमच्या तरुण संघांत दाखवली जायची, मीही दाखवलीत. हयातीत त्यांच्यावर आरोप झाला तेव्हा त्यांची संस्था त्यांच्या पाठीशी उभी राहिली. मे २०२० मध्ये ते वारले. फेब्रुवारी २०२१ मध्ये, त्याच संस्थेने नेमलेल्या वकिलांच्या तपासाचा अहवाल आला. मसाज करणाऱ्या स्त्रियांचं लैंगिक शोषण त्यांनी केल्याचं त्यात निघालं आणि संस्थेला चूक कबूल करावी लागली. इतकी वर्षं त्या स्त्रियांचं कुणी का ऐकलं नाही? कारण त्यांच्यासमोर एक फार मोठं नाव उभं होतं. नाव जपायची जबाबदारी ज्याचं नाव त्याच्यावरच सोडली की ते त्याच्या हातात ढाल होतं, आणि ढालीमागे काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही.

मुलांच्या बाबतीत तर मंडळीने न्यायाधीश व्हायचंच नाही. बोर्डिंग असो, शब्बाथशाळा असो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने मुलावरच्या अत्याचाराची माहिती मिळालेल्या माणसावर पोलिसांना कळवण्याची सक्ती केली आहे. ‘समज दिली’, ‘बदली केली’, ‘क्षमा मागितली’ हे तिथे चालत नाही. क्षमा देवाने करावी. गुन्ह्याची खबर आपण द्यावी.

मला पुष्कळ जण म्हणतात, हे आत्ता कशाला? वातावरण बघा. पाळक म्हटलं की धर्मांतराचा आरोप तयार असतो, घरातली प्रार्थनासुद्धा कुणीतरी मोबाईलवर टिपत असतं, सभेला हॉल मिळत नाही. आपलीच लक्तरं आपण वेशीवर का टांगायची? ही भीती खोटी नाही. चुकीचा आरोप होऊन निरपराध सेवकाला पोलीस ठाण्यात बसवून ठेवण्याची वेळ येऊ शकते, हेही मी नाकारत नाही. म्हणूनच तीमथ्याच्या पत्रात दोन-तीन साक्षीदारांशिवाय मंडळीच्या वडिलांवरचा (म्हणजे पुढाऱ्यांवरचा) आरोप दाखल करून घेऊ नकोस असं आहे. पण त्याच्या पुढच्याच वचनात, जे पाप करत राहतात त्यांना सर्वांदेखत दोष दे, असंही आहे. आपण पहिलं वचन पाठ केलं आणि दुसऱ्यावर पान उलटलं. शिवाय व्यवहाराचं बघितलं तरी, खोट्या आरोपापुढे पाळकाला वाचवतं कोण? त्याचे अश्रू नाहीत वाचवत. पावतीपुस्तक वाचवतं, काचेचं दार वाचवतं, ‘होय, मीही तिथे होतो’ म्हणणारा शेजारी वाचवतो.

आणि बाहेरच्या लोकांचे सगळेच प्रश्न द्वेषातून येत नाहीत. सातारा हे नरेंद्र दाभोलकरांचं गाव. त्यांचा खून झाला त्याच २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा आला. तथाकथित चमत्कार करून लोकांना फसवणं आणि त्यावर पैसे मिळवणं हा त्यात गुन्हा आहे, मग तो कुठल्याही देवाच्या नावाने असो. आमच्या काही सभांत ‘इन्सुलिन फेकून द्या’ असं व्यासपीठावरून ऐकलेली माणसं मला भेटलीत. हे ज्या मिरजेच्या पंचक्रोशीत होतं तिथे विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशनचं रुग्णालय उघडलं होतं. ख्रिस्ती माणसाला या भागात जी काही पत मिळाली तिच्यात ऑपरेशन टेबलाचा वाटा फार मोठा आहे. सांगली-मिरज रस्त्यावरच्या वानलेसवाडीला त्यांचं नाव उगाच नाही पडलं. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा. मी करतो. पण बरं झाल्याची साक्ष द्यायची असेल तर सोबत डॉक्टरांचा कागदही दाखवावा, एवढी शिस्त का असू नये?

साताऱ्याचं नाव निघालंय तर नारायण वामन टिळकांशिवाय थांबता येणार नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला, बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी आणि न घेतलेल्यांसाठीही. दोन वर्षांनी ते गेले. त्यांना संयमाचा पुतळा कुणी म्हणणार नाही. रागीट होते. हातात पैसा टिकत नसे. दुसऱ्याला देऊन टाकत आणि घरात खडखडाट. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तोही बायकोला न सांगता. हे सगळं आपल्याला कुठून कळलं? लक्ष्मीबाईंकडून. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी नवऱ्याचा एकही राग, एकही वेडेपणा झाकला नाही. आणि ते वाचून मराठी माणसाचं टिळकांवरचं प्रेम कमी झालं असं काही दिसत नाही. घरातल्या माणसाला खरं बोलता येत होतं, लिहिता येत होतं, आणि लिहिल्यावर तिला कुणी मंडळीद्रोही ठरवलं नाही. आज एखाद्या पाळकीणबाईंनी तसं लिहायचं म्हटलं तर पहिला फोन कुणाचा येईल, याचा मी विचार करतो.

त्या क्यूआर कोडचं सांगायचं राहिलं. मी पाळकसाहेबांना फोन करून, जरा चाचरतच, त्या मुलाबद्दल बोललो. ते रागावले नाहीत. म्हणाले, ‘मलाही ते खटकतंय, तुम्ही पंचांना जरा लावून धरा.’ पंचांनी चार महिने घेतले. पुण्याचे विश्वस्त एकदाचे येऊन सही करून गेले. गेल्या महिन्यात गेलो तेव्हा नवा कोड होता, ट्रस्टच्या नावाचा. शंभर रुपये पाठवले. पलीकडे, संदेशाची वही आवरत उभ्या असलेल्या पाळकसाहेबांच्या खिशात ‘टिंग’ वाजलं. बँकेत नंबर अजून त्यांचाच दिलेला आहे.